कमिटीपुरती झाडं

मी भित्रा माणूस आहे. अंगणात साप निघाला की मी खुर्चीवर आणि बायको काठी घेऊन पुढं, असा आमच्या घरचा रिवाज. पण गेल्या वर्षी जी भीती बसली ती खुर्चीवर चढून जाण्यातली नव्हती.

भरे गावात रस्त्याला लागून माझी नर्सरी आहे. भूगावच्या बाजूला बंगले वाढले तशी रोपं खपायला लागली, पण माझं खरं नाव झालं ते भाड्याच्या झाडांवर. आमच्या भागात डोंगरांच्या पायथ्याला कॉलेजं भरपूर. काही वर्षांनी एकदा त्यांना ग्रेड द्यायला बाहेरगावाहून कमिटी येते, आणि कमिटीच्या आधी मला फोन येतो. "अहो, गुरुवारी कमिटी आहे. कॅम्पस हिरवा दिसला पाहिजे." मग मी टेम्पो भरून पाम, क्रोटन, फुललेली जास्वंद घेऊन जातो. साधे नर्सरीवाले कुंड्या नुसत्या मांडून येतात. मी खड्डा घेऊन कुंडी काठापर्यंत गाडतो, वर माती लोटतो, थोडा पालापाचोळा पसरतो. झाड तिथंच रुजून मोठं झालंय असं वाटतं. कमिटी गेली की सगळं उपसून परत. या कसबाचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

धरणापलीकडच्या वाडीतली एक बाई माझ्याकडं बरीच वर्षं कामाला आहे. तिनं खोचलेली फांदी कधी मरत नाही. एका पामाकडं बघून ती एकदा म्हणाली, "मालक, ह्येला आता डिग्री द्या. चार कॉलेजं केली ह्येनं." आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो.

तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात. दोघींची बारावी झाली, सीईटी झाली, आणि माझ्या मुलीनं कॉलेजांची यादी फ्रिजवर चिकटवली. तिला इलेक्ट्रॉनिक्सला जायचं होतं. नर्सरीतल्या ठिबकचा टायमर बिघडला की मेकॅनिकला बोलवायच्या आधी ती तो उघडून बसलेली असायची. फॉर्मचा नियम तिनं मला दहा वेळा समजावला. पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज लागलं की तेच घ्यायचं, पुढच्या फेऱ्या बंद. मागं फिरता येत नाही.

पहिल्या नंबरला होतं डोंगराखालचं कॉलेज. त्याच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत ग्रेड लिहिलीय, आणि पेपरच्या पुरवणीत दर वर्षी छापतात त्या क्रमवारीतही ते वरच असतं. फ्रिजमधून दूध काढायला गेलो, यादी वाचली आणि दूध न घेताच मागं फिरलो. कारण ती ग्रेड मिळाली त्या आठवड्यात मी तिथं नुसती झाडं नेली नव्हती.

तेव्हा तिथल्या साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "टेम्पो रिकामा झालाय ना? आमच्या दुसऱ्या कॉलेजमधून थोडं सामान आणून द्या." सामान म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबची यंत्रं आणि कॉम्प्युटर. दोन खेपा झाल्या, दोन्ही मागच्या गेटनं. आत दोन शिपाई ओल्या फडक्यानं दुसऱ्या कॉलेजचे स्टिकर खरवडत होते. तिसऱ्या दिवशी तीच यंत्रं मी जिथली तिथं पोचवली. ती भरून निघताना डोंगराखालच्या लॅबमध्ये डोकावलो, तर लांबच लांब रिकामी टेबलं आणि भिंतीवर पाटी, प्रयोगाच्या वेळी शिस्त पाळा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. टेम्पोत मी एकटाच होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, माझ्या दोन खेपांसकट. आणि न सांगावं तर पोरगी चार वर्षं त्या रिकाम्या टेबलांपुढं उभी राहणार. मला झोप लागेना, जेवण जाईना. बायकोला वाटलं पित्त झालं, तिनं कोकमाचं सरबत दिलं. मी आडून आडून तिला विचारलं, ते डोंगराखालचं एवढं चांगलं आहे का गं?

"अवो, नावाला भाव हाय," ती म्हणाली. "माझ्या भावाचा पोरगा सूसला ऱ्हातो, कंपनीत हाय. त्यो म्हनतो पयल्या चाळणीत कॉलेजचं नावच बघत्यात. आत काय शिकीवलं ते कोन इचारतंय?"

याचीच तर मला जास्त भीती वाटली, कारण ती खोटं बोलत नव्हती. ग्रेड बनावट असली तरी त्या ग्रेडवर मिळणारी नोकरी खरी असू शकते. मग मी कोण मोठा शहाणा, पोरीच्या वाटेत आडवा येणारा?

यादीत चौथ्या नंबरला शहरातलं एक जुनं कॉलेज होतं. तिथं मी एकदा धंदा मागायला गेलो होतो. रंगाचे पोपडे निघालेले, जिन्याखाली संडासाचा वास. तिथले एक सर म्हणाले, "झाडं राहू द्या हो. दहा मल्टिमीटर मिळतील का भाड्यानं? एकेका मीटरवर चार चार पोरं बसतात." मी बाहेर येऊन त्यांना मनसोक्त हसलो होतो. पण लॅबमधली पोरं यंत्राभोवती इतकी दाटून उभी होती की मी दारात आलो, गेलो, कुणी मान वर केली नाही. ते आता राहून राहून आठवत होतं.

फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. सकाळपासून मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. आधी म्हणालो, त्या कॉलेजातली पोरं लई टवाळ असतात म्हणे. मुलगी म्हणाली, पोरं सगळीकडं तशीच असतात. मग म्हणालो, डोंगराला लागून आहे, दरड बिरड आली तर? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झालो. शेवटी अडीच वाजता, लिहायलासुद्धा लाज वाटते, मी मागं जाऊन घराचा मेन स्विच पाडला. वाटलं, नेट गेलं की फॉर्म राहील. बायको ओरडली, लाईट गेली का? आणि मुलीनं शांतपणे मोबाइलवर नेट सुरू केलं. मी स्विच पुन्हा वर केला.

मग मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. साहेब, दोन खेपा, फडकी, टेबलं.

तिनं मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "किती वर्षं झाली याला?"

"दोन."

"आणि मी पंधरा दिवस ही यादी करतीये. तुम्ही रोज फ्रिजमधून दूध काढताय."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. बोटानं चौथं कॉलेज वर ओढून तिनं पहिल्या नंबरला ठेवलं आणि डोंगराखालचं काढूनच टाकलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवटी तरी ऱ्हाऊ दे. नाव चांगलं हाय." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, एकदा डोळे मिटले आणि फॉर्म पक्का केला. मी सुटकेचा श्वास घेतला. तो पुरता घेऊनही झाला नव्हता.

"मावशींना सांगा," ती म्हणाली. मावशी म्हणजे आमच्याकडं कामाला असलेली बाई. "त्यांच्या मुलीनं माझीच यादी उतरवून नेलीये, जशीच्या तशी. आत्ता पौडला नेट कॅफेत नंबर लावून बसलीये. तिच्याकडं फोन नाही, घरातला एकच फोन मावशींकडं असतो. कॅफेवाल्याचा नंबर त्यांच्याकडं आहे. अजून वेळ आहे."

"तूच सांग की."

"मी काय बघितलंय? तुम्ही बघितलंय."

मी निघालो. घरापासून शेडनेटपर्यंत पन्नास पावलं असतील. प्रत्येक पावलाला एकेक गोष्ट डोक्यात येत होती. हिला सांगितलं की वाडीत कळणार. वाडीतली दोन माणसं त्याच कॉलेजात सफाईला आहेत. साहेबांच्या कानावर जायला दुपार पुरेल. मग झाडं तर गेलीच, वर म्हणतील, टेम्पो तर तुझाच होता.

ती क्रोटनच्या पिशव्या भरत बसली होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले.

"मालक, आमच्या वाडीतनं इंजनेर व्हायला कोन न्हाई गेलं आजवर," ती म्हणाली. "पर तुमची पोर संगं हाय ना, म्हनून मला भ्या न्हाई."

मी पिशव्यांकडं बघितलं.

"ह्यांना पानी घातलं का?" मी विचारलं.

"घातलं की, मगाशीच."

मी एक पिशवी उगाच सरळ केली आणि परत आलो. मुलगी दारात होती. "सांगितलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "व्हय." माझ्या आयुष्यात इतका लहान शब्द इतका जड कधी झाला नव्हता. पाच वाजून गेले.

पुढचे काही दिवस मी स्वतःला समजावत होतो. हिच्या पोरीला नावाचाच जास्त उपयोग होईल, असं मी म्हणायचो. माझ्या पोरीच्या मागं निदान आम्ही आहोत, वाडीतल्या पोरीला नाव लागतं. चाळणीतून तरी पुढं जाईल. हे सगळं खरंही असेल. आजही मला ठाऊक नाही. पण माझ्या पोरीच्या बाबतीत हे मला का पुरलं नाही?

यादी लागली त्या दिवशी माझ्या मुलीला शहरातलं जुनं कॉलेज मिळालं. ती ओट्यावर बसून मैत्रिणींना फोन करत होती. तेवढ्यात ती बाई फाटकातून जवळजवळ पळतच आली. हातात मोबाइल, चेहरा नुसता फुललेला.

"लागलं, मालक! पयल्या नंबरचं लागलं! सोन्याच्या अक्षरांचं!"

मुलीनं फोन कानावरून खाली घेतला. आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मावशी, पप्पांनी एवढं सांगितलं तरी तुम्ही तेच पहिलं ठेवलंत?"

बाईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले.

"काय सांगितलं हुतं, मालक?" तिनं विचारलं.

दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.