अक्काच्या खोलीतला उकाडा

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या खोलीत त्या उन्हाळ्यात जो उकाडा होता, तो मी तिथे नेऊन सोडलेला होता. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

माझं काम घरात बसून. बिल्डर लोक नकाशे पाठवतात आणि मी त्यांच्या न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करतो. झाडं, गाड्या, गच्चीवरचा झोपाळा, सगळं. एकेका चित्राला मशीन तासन्‌तास चालतं आणि सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. जळगावच्या मे महिन्यात माझं जुनं कार्ड तापून मध्येच बंद पडायचं. अर्धा बंगला पडद्यावर, अर्धा काळा. एक बिल्डर फोनवर म्हणाला, "साहेब, माझा स्लॅब टाकून होईल, पण तुमचं चित्र काही येत नाही." त्याने पुढचं काम दुसऱ्याला द्यायचं बोलून दाखवलं, तेव्हा मी घाबरलो आणि मोठं कार्ड घेतलं.

दुकानदार खोका देताना हसला. "भाऊ, हे कार्ड नाही, शेगडी आहे. पंख्याने भागणार नाही. पाण्यावर घ्या."

पाण्यावर घेणं म्हणजे कार्डाच्या पाठीवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून छोट्या पंपाने पाणी फिरवायचं, आणि गरम झालेलं पाणी नळ्यांतून रेडिएटरकडे न्यायचं. तिथे पंखे त्यातली उष्णता बाहेर फेकतात. व्हिडिओ बघून बघून मी ते सगळं जुळवलं. कार्ड गार राहू लागलं. पण माझी खोली भट्टी झाली, कारण उष्णता कुठे गेली नव्हती, फक्त कार्डातून निघून माझ्या अंगावर आली होती. रेडिएटर खिडकीबाहेर टांगून पाहिला. खिडकी पश्चिमेची, बाहेर झळा. पाणी गार व्हायचंच नाही. त्याला गार हवा पाहिजे होती.

जळगावात मेहरूण भागातल्या आमच्या घरात गार हवा एकाच ठिकाणी होती. मागची, उत्तरेची खोली. ती अक्काची. भावजी वारल्यावर ती दोंडाईच्याकडच्या सासरहून आमच्याकडे आली होती. तिचा मुलगा धुळ्याला नोकरीला, भाड्याच्या दोन खोल्यांत. कूलरच्या वाऱ्याने तिचे सांधे धरायचे, म्हणून तिनेच ती खोली मागून घेतली होती. नुसत्या पंख्यावर झोपायची.

तिच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. मी माळ्याच्या उंचीला भोक पाडलं, नळ्या पलीकडे काढल्या आणि रेडिएटर तिच्या माळ्यावर, गोधड्यांच्या गाठोड्यांमागे ठेवला. मी स्टुलावर चढलो तेव्हा स्टूल तिनेच धरलं होतं.

"पडशी ना रे भाऊ, नीट उभा ऱ्हाय. हाई काय शे?"

"इंटरनेटचं आहे, अक्का."

"मंग ठीक शे. तुन्हं काम व्हवाले पाहिजे." विटांचा भुगाही तिनेच झाडून काढला.

पंधरवडाभर ती काही बोलली नाही. मग दुपारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसू लागली. फरशीवर पाणी शिंपडायची. एकदा माझ्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, बठ्ठं आंग तपी ऱ्हायनं. तुले नई लागत का?"

मी पडद्याकडे बघतच म्हटलं, "उन्हाळा आहे, अक्का."

हॉलमध्ये कूलरसमोर बसून बायको हसायची. "घरातली सगळ्यात गार खोली अक्कांची, आणि गरम पण अक्कांनाच." अक्काही त्यात हसून घ्यायची. मला तेव्हा उठता आलं असतं. रेडिएटर काढला तर कार्ड बंद, कार्ड बंद तर काम बंद. नेऊन ठेवू तरी कुठे? हे एवढं चित्र होऊ दे, मग काढतो, असं मी रोज स्वतःला सांगायचो आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बंगल्याचा नकाशा यायचा. मी कामात अडकलो होतो असं म्हणतो खरा. पण मशीनचा उकाडा माझ्या खोलीत नव्हता, तिच्या खोलीत होता.

डॉक्टरांनी अक्काला तपासलं. रक्त तपासलं. काही निघालं नाही. वयाचं आहे म्हणाले, झोपेच्या गोळ्या दिल्या.

शेवटी तिने मुलाला फोन करून बोलावून घेतलं. "तू येऊन बस मन्ह्या खोलीमा. मंग सांग."

तो रविवारी दुपारी येणार हे मला कळलं होतं. इथपर्यंतचं कदाचित कोणी समजून घेईल. पुढचं नाही घेणार. त्या रविवारी सकाळीच मी मशीन बंद केलं. चित्र निम्म्यावर होतं, तरी केलं. भाचा येईपर्यंत खोली पहिल्यासारखी झाली होती. तो पलंगावर टेकला, पंख्याखाली पाय पसरले आणि म्हणाला, "आई, इथं तर किती गार आहे. आमच्याकडे येऊन बघ जरा."

अक्काने भिंतीला हात लावून पाहिला. मग पलंगाच्या लोखंडाला. मी दारात उभा होतो.

"मामा, तुम्हीच सांगा," भाचा म्हणाला.

"तिला तसं वाटतं," मी म्हटलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. माझा शब्द तिला पुरला. "मंग मन्हामाच काही बिघाड शे," ती म्हणाली, आणि टॉवेल घडी करून खुंटीला अडकवला.

त्याच आठवड्यात भाचा तिला इलाजासाठी धुळ्याला घेऊन गेला. ती परत आली नाही. पुढे माझ्या कामाच्या खोलीत एसी आला, रेडिएटर माझ्याकडे परत आला. भिंतीतल्या भोकात मी चिंधीचा बोळा कोंबून ठेवलाय. बुजवायला गवंडी बोलवावा लागेल, आणि तो विचारेल हे कशासाठी पाडलं होतं.

मी अधूनमधून धुळ्याला जातो. भाच्याचं घर शेवटच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. एप्रिलमध्येच भिंती हाताला चटके देतात. घरातले सगळे उकाड्याने हैराण असतात आणि तसं बोलून दाखवतात. अक्का बोलत नाही. गोळ्या अजून चालू आहेत, त्यांनी तिची जीभ थोडी जड झालीय. मागच्या खेपेला मी शेजारी बसलो तर तिने माझ्या मनगटाला हात लावला, घाम आहे का ते चाचपलं, आणि हळूच विचारलं, "आज खरंच गरम शे का रे, भाऊ?"

"आहे, अक्का. आज खरंच आहे."

तेव्हा कुठे तिने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

बसमध्ये परत येताना वाक्य जुळवत होतो, पारोळ्यापर्यंत जुळलंही होतं. ते सांगायला मी अजून गेलेलो नाही. त्या उन्हाळ्यातही खोली खरंच तापत होती, तुझ्यात काही बिघाड नव्हता, हे तिच्यासमोर बसून, भाचा ऐकत असताना, मला तिला सांगायचं आहे. तेवढं मी तिचं देणं लागतो.