आतून न उघडणारं कुलूप

माझा धाकटा भाऊ चाव्या बनवतो. चौकात चपलांच्या दुकानाला लागून त्याचं कपाटाएवढं दुकान आहे. तो आत बसला की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. भिंतभर कोऱ्या चाव्या, एक घासायचं मशीन आणि चहाचा थर्मास, एवढाच संसार. दार लागलं आणि चावी आत राहिली की लोक त्याला बोलावतात. हा जातो, दार उघडून देतो आणि वर त्या माणसाला धीर देत अर्धा तास तिथेच बसतो. एकदा एका बाईचं दार उघडल्यावर तिला रडू आलं, तर हाही तिच्याबरोबर रडून आला. असला आमचा कारागीर.

मी त्याची थोरली बहीण. जिन्याच्या या बाजूचं दार माझं, त्या बाजूचं त्यांचं. तेहतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. मुलं मला पाठीमागे तोफ म्हणायची. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. रडून कुणाला माझ्याकडून अर्धा मार्क मिळाल्याचं ऐकिवात नाही.

भावाने पहिलं कुलूप उघडलं ते सात वर्षांचा असताना. मी वडिलांना उलट बोलले म्हणून मला अडगळीच्या खोलीत कोंडलं होतं. हा पठ्ठ्या आईच्या केसातला आकडा घेऊन आला, पाऊण तास खुडबुड केली, दार उघडलं, माझ्या हातात एक बिस्किट ठेवलं आणि दार परत लावून निघून गेला. मला बाहेर काढायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. बिस्किट मात्र मी खाल्लं.

त्याची बायको बस चालवते. पहाटे सव्वापाचची पहिली गाडी तिची. आधी तीन वर्षं तिकीट खिडकीवर बसली, मग हट्टाने परीक्षा देऊन स्टिअरिंग मिळवलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. एवढी मोठी गाडी ती गल्लीच्या तोंडाशी अशी वळवते की बाजूचा सायकलवाला शिट्टी थांबवत नाही. तिच्या बसमध्ये बसले की मी सगळ्यांना सांगते, ही आमची भावजय. कुणी विचारलेलं नसतं.

आणि त्यांची चौदा महिन्यांची मुलगी. तिला आम्ही फौजदार म्हणतो, कारण रात्रभर तिची गस्त चालू असते. फौजदारबाई फक्त खांद्यावर झोपतात, तेही खांदा चालत असेल तर. चालणारा खाली टेकला की यांचे डोळे टक्क उघडे. मग भाऊ आणि भावजय आळीपाळीने घरातल्या घरात फेऱ्या मारत. बाळ काही वाळलं नाही, हे दोघं मात्र वाळले.

गेल्या महिन्यात भावजयीचा सिग्नलला डोळा लागला. गाडी उभीच होती, कुणाला काही झालं नाही, पण हिरवा दिवा लागून गेला तरी बस हलेना आणि मागच्या गाड्यांनी बोंब ठोकली. डेपोच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ‘सोमवारी तुमच्या पहिल्या फेरीला मी मागे बसणार आहे. एक जरी डुलकी दिसली, तरी परत तिकीट खिडकी. कायमची.’

ती घरी आली आणि चपलासुद्धा न काढता माझ्या खुर्चीत बसली. ‘ताई, मला खिडकीत नाही हो बसायचं,’ म्हणाली. एवढंच. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी तिच्यावर खेकसले. ‘मग पोरीला झोपायला शिकवा. साधी गोष्ट आहे.’

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रीत सांगितली. आठ वाजता बाळाला जागं असतानाच पाळण्यात ठेवायचं आणि बाहेर यायचं. रडली तर तीन मिनिटांनी आत जायचं, थोपटायचं, बाहेर यायचं. मग पाच मिनिटांनी. मग दहा. उचलायचं मात्र नाही, काही झालं तरी नाही. मी म्हटलं, यात अवघड काय आहे, पाढाच आहे हा.

शुक्रवारी पाळी भावाची. भावजय माझ्याकडे येऊन झोपली. आठ वाजता पोर रडली आणि लगेच गप्प झाली. मी जाऊन बघते तर फौजदारबाई बापाच्या खांद्यावर.

‘तीन मिनिटं झाली,’ तो म्हणाला.

‘चाळीस सेकंद झाली,’ मी म्हटलं. ‘घड्याळ मीही लावलं होतं.’

‘ताई, ती मला हाक मारत होती.’

‘तिला अजून बोलता येत नाही.’

‘आवाजावरून कळतं गं.’ आणि लागला की हा येरझाऱ्या घालायला. लोकांची दारं उघडण्यात जन्म गेलेला माणूस, बंद दाराबाहेर हात बांधून उभा कसा राहणार.

म्हणून शनिवारी भावजयीने त्याला स्वयंपाकघरात घालून बाहेरून कुलूप लावलं. तोच म्हणाला तसं कर म्हणून. ती एकदा थोपटून खोलीबाहेर येते, तर हा समोर उभा, एका हातात पोरीचा पेला आणि दुसऱ्या हातात चमचा. कुलपाला आतूनही भोक होतं, चमच्याच्या दांड्याने ते उघडलं होतं. ‘अगं, सवयीने उघडलं,’ म्हणाला. ‘मी विचारही केला नव्हता.’ फौजदाराने बापाला बघितलं, दोन्ही हात वर केले, आणि खेळ खलास. पुन्हा रात्रभर गस्त.

रविवारी उठून भावजयीने पाणी भरलं, गणवेश इस्त्री केला, आणि इस्त्री करता करता दोनदा डुलकी काढली. भावाने ते पाहिलं. तो तसाच उठून दुकानात गेला, शटर अर्धं ओढलं आणि दिवसभर आत बसून राहिला. संध्याकाळी आला तो एक कुलूप घेऊन, आणि ते स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून बसवलं. आयुष्यभर त्याने कुलपं उघडली होती, हे पहिलंच न उघडायचं. दोन चाव्या आणि आतल्या बाजूला भोकच नाही. ‘हे मला उघडता येणार नाही,’ असं त्याने अभिमानाने सांगितलं आणि लगेच तोंड पाडून बसला.

आता खरी गंमत. मी उठून म्हटलं, ‘तुम्ही दोघंही आत जा आणि झोपा. पोरीचं मी बघते. तीन, पाच, दहा. तेहतीस वर्षं काय गवत उपटलं का मी?’

भावजयीने नवऱ्याची झडती घेतली. खिशातून दोन तारा निघाल्या, मोज्यातून एक आकडा आणि कानामागून पातळ पत्रा. मग दोघं गादी घेऊन स्वयंपाकघरात गेली. भाऊ दारातून सांगत होता, ‘ताई, पहिली चावी डावीकडे दोनदा, दुसरी उजवीकडे अर्धी, मग पुन्हा पहिली.’ मी म्हटलं, हो रे बाबा, आणि कुलूप लावलं. चाव्या माझ्या गाऊनच्या खिशात.

फौजदाराला पाळण्यात ठेवलं, बाहेर आले, घड्याळ लावलं. ती रडायला लागली. पहिलं मिनिट मी ताठ बसून काढलं. दुसऱ्या मिनिटाला तिच्या आवाजाची पट्टी बदलली. भाऊ म्हणत होता ते खरं होतं हो. आवाजावरून कळतं. आणि ती बापाला नाही, आईला नाही, साक्षात मला हाक मारत होती. दुसरं मिनिट पुरं व्हायच्या आत तोफ गार झाली होती आणि पोर माझ्या खांद्यावर होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

स्वयंपाकघरातून कुजबूज आली. ‘ताई, गप्प झाली? तुमच्या हातात जादू आहे.’

‘हूं,’ मी म्हटलं. पुढच्या पाच मिनिटांत दोघांचं घोरणं ऐकू आलं.

पहाटे दोनपर्यंत मी चालले. मग गुडघे बोलायला लागले आणि मी आरामखुर्चीत टेकले, तर आश्चर्य म्हणजे ती उठली नाही. माझ्या पोटावर पसरून झोपली, आणि तिच्या खाली खिसा, खिशात चाव्या. मीही डोळे मिटले.

साडेचारला आत गजर झाला. ‘ताई, उघडता ना?’ भावजयीचा आवाज. काय आवाज होता तो, टवटवीत. किती महिन्यांनी ऐकला. आणि इकडे मी चाव्यांवर पोर ठेवून बसलेली. उठावं तर पोर जागी होणार, न उठावं तर साहेब डेपोत आणि ड्रायव्हर स्वयंपाकघरात.

उठले. पोरीला पाळण्यात ठेवलं. ती उठून उभी राहिली, माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं आणि भोंगा सुरू केला. मी कुलपाकडे धावले. डावीकडे की उजवीकडे? दोनदा की अर्धी? वर्गमूळं तोंडपाठ असलेली बाई, पण क्रम काही आठवेना.

‘पहिली डावीकडे,’ आतून भाऊ.

‘पहिली कुठली? दोन्ही सारख्याच दिसतायत.’

‘जिच्यावर ओरखडा आहे ती.’

‘चष्मा नाही माझा.’

‘वन्सं,’ भावजय म्हणाली. ती मला वन्सं म्हणाली की समजायचं, पारा चढलाय. ‘पाच वाजता हजेरी आहे.’

मी फिरवते आहे, ते दोघं आतून दाराला कान लावून सांगतायत, आणि पोर रडते आहे. तीन मिनिटं गेली. मी धावत जाऊन थोपटून आले. आणखी पाच गेली. पुन्हा थोपटून आले. कुलूप काही बधेना. आमचा भाऊ कुलूप करतो तर असं करतो, मनातून मला त्याचं कौतुकच वाटलं. अखेर काहीतरी खट् झालं, दार उघडलं, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. घरात एवढी शांतता होती की नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

भावजय खोलीकडे निघाली. भाऊ आडवा आला. हाच, चाळीस सेकंदवाला. ‘जाऊ नकोस,’ तो हळूच म्हणाला. ‘झोपली आहे. तिची ती झोपली आहे. तू गाडी काढ.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण दारातून तो हलला नाही. तिने त्याच्या दंडाला एकदा घट्ट धरलं आणि गणवेश घालून गेली.

मग तो माझ्याकडे वळला. माझ्या खांद्यावर पोरीच्या लाळेचा मोठा डाग होता. त्याने तो पाहिला, मी पाहिलं की त्याने पाहिला. त्याने चहा टाकला.

दुपारी भावजय हसतच आली. म्हणाली, साहेब मागे बसले, दोन थांबे गेले आणि साहेबांचाच डोळा लागला. शेवटच्या थांब्यावर हिने त्यांना उठवलं. ते ओशाळले आणि म्हणाले, आज काही नीट पाहता आलं नाही, उद्या परत येतो. म्हणजे आणखी एक रात्र.

संध्याकाळी भाऊ हत्यारं घेऊन आला आणि ते कुलूप माझ्या दाराला बसवायला लागला. बाहेरून.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘तू काय करतेस ते मला ठाऊक आहे, ताई,’ तो स्क्रू आवळत म्हणाला. ‘मीही तेच केलं असतं.’

मी चिडायला हवं होतं. पण भावजयीची ती तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आली. पावणेआठला मी आपणहून आत गेले आणि म्हटलं, ‘लाव.’

आठ वाजता फौजदाराने सुरुवात केली. जिन्यापलीकडून सगळं ऐकू येत होतं. मी खुर्चीचे हात धरून बसले होते. तेवढ्यात माझ्या दाराबाहेर कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला.

‘तू इथे काय करतोयस?’ मी दाराला तोंड लावून विचारलं.

‘बायको आत कानात कापूस घालून झोपली आहे. पोरीला आत्ताच थोपटून आलो, आमचं दार उघडंच ठेवलंय. पुन्हा पोरीकडे धावायचं नाही ना, म्हणून तुझ्याकडे आलो.’

थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून एक बिस्किट सरकत आत आलं. कडा जरा मोडली होती. मी तिथेच जमिनीवर बसून ते खाल्लं. दाराच्या पलीकडे तो मिनिटं मोजत होता, अलीकडे मी. सातव्या मिनिटाला पोर गप्प झाली, आणि दोन्ही बाजूंचं मोजणं थांबलं.

मला उघडायला मात्र तो विसरला. तिथेच, माझ्या दाराला टेकून झोपला होता. पहाटे भावजयीने गणवेशात येऊन आधी त्याला उठवलं, मग मला उघडलं, आणि पहिली गाडी घेऊन गेली. साहेब त्या दिवशी शेवटपर्यंत जागे राहिले आणि उतरताना सही करून गेले. गाडी तिच्याकडेच राहिली.

भाऊ म्हणतो, आता ते कुलूप काढू या. मी म्हटलं, असू दे. पोरीला दाढा येतायत, माझा काही भरवसा नाही.