एकच कॅसेट

दिलावरभाईंसारखा काटेकोर माणूस मी इथं कतारला, दोह्यात दुसरा बघितला नाही. मुशैरिब भागातल्या आमच्या स्टुडिओत सगळी जुनी मशिनं: मोठ्या रिळांचं टेप मशीन, टेबलाएवढं मिक्सिंग कन्सोल, कॅसेटचा डेक. मालकाची हौस, दुसरं काय! ती हौस जिवंत ठेवायचे दिलावरभाई, रत्नागिरीकडचे. मी बालाजी, नांदेडचा, स्टुडिओची गाडी चालवतो. बरवा अल बराहा या कामगार वस्तीत आमची खोली एकच. मशीनच्या हेडला, म्हणजे पट्टी जिथं घासून जाते त्या भागाला, कुणी बोट लावलं की हा शांत माणूस भडकायचा. मग स्पिरिट आणि कापूस घेऊन पुसत बसायचा. मी म्हणायचो, "अहो, नवरीलासुद्धा एवढं कुणी नटवत नाही!"

बायकोचं नाव निघालं की मात्र विषय बदलायचे. अनीसा त्यांची बायको. लग्न नवं होतं तेव्हा गावात फोन नव्हता, म्हणून दोघं कॅसेटवर बोलायचे. सुट्टीवर निघालेल्याच्या हाती कॅसेट द्यायची, तो परत येताना तिचं उत्तर घेऊन यायचा. आणि कॅसेट एकच बघा! तिचं ऐकायचं, त्याच्यावरच आपलं भरायचं, धाडून द्यायची. नवीन कशाला, हीच चांगली आहे, असं अनीसाचं म्हणणं. आपलं बोलून झालं की उरलेली पट्टीही दोन्ही बाजूंनी कोरी करायची, ही दिलावरभाईंची शिस्त. तिला स्वच्छ मिळावी म्हणून.

मुलगी अफशां तान्ही असताना अनीसा तापानं गेली. दिलावरभाई पोचले तेव्हा दफन उरकलं होतं. तिच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट तशीच होती, त्यांचंच बोलणं असलेली, वर उत्तर भरायचं राहून गेलेली. ती त्यांनी जपून ठेवली, पण लावायचा धीर कधी झाला नाही.

आता अफशांला दिवस गेलेत. तिनं फोनवर विचारलं, "अब्बा, अम्मीचा आवाज कसा होता हो?" झालं! माणसाची झोपच उडाली. त्यात मालकानं सगळी मशिनं विकली. न्यायला लोक दुसऱ्या दिवशी येणार होते.

"भरताना रेकॉर्डरचं जुनं पुसायचं हेड जरा जरी वाकडं असलं ना," ते मला म्हणाले, "तर पट्टीच्या कडेला आधीचा आवाज शिल्लक राहतो. डेकचं हेड कडेकडे सरकवतो, कन्सोलवर आवाज उचलून घेतो. बारीकसा का होईना, सापडेल इन्शाल्ला."

दुपारी स्टुडिओ रिकामा होता. अफशांला फोन लावून त्यांनी तो स्पीकरवर कन्सोलपाशी ठेवला. मग हेड केसभर इकडे, केसभर तिकडे. मी स्पीकरला कान लावला. नुसती खरखर. शेवटी त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"ज्यावर ही भरायचो, तो तेव्हाच्या खोलीतला माझा रेकॉर्डर मीच उघडून लावला होता रे," ते मला हळूच म्हणाले. "हेड बरोब्बर बसवलं होतं. कडेला काहीसुद्धा ठेवलं नाही मी."

मला असा संताप आला म्हणता! कुणावर, ते देव जाणे. एवढं चोख काम कशाला करावं माणसानं? डोळे भरून आले माझे, उगाच नाक शिंकरत बसलो.

"अब्बा, जे आहे ते तर लावा," अफशां म्हणाली.

त्यांनी हेड जागेवर आणलं आणि बटण दाबलं. कोवळा, हसरा आवाज आला. हे दिलावरभाई? ओळखूच येईनात.

"अगो अनीसा, अफशांला निजवताना तू गुणगुणलीस ना, ते परत परत ऐकलं. पुसायला जीव होत नाही. पण नवीन नको म्हणतेस, तर नको. ईदला येतोच आहे. मग काय, रोजच ऐकायचंय. बरं, माझं झालं. आता तू बोल."

पुढं पट्टी कोरी. दिलावरभाईंचा हात बटणाकडे गेला.

"बंद नका ना करू, अब्बा," फोनमधून अफशां म्हणाली. "आता अम्मी बोलेल ना?"