अर्धा फेरा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे काटा काढायचं. तळ्याच्या काठाला बसलो होतो. माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. बायकोनं बांगडीत अडकवलेली पिन काढली, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला अन् कोरायला लागली.

"हालू नका."

"दुखायलंय."

"दुखू द्या. वाहना इतक्या झिजवल्या की कुत्रंबी तोंडात धरनार न्हाई, अन् म्हनं दुखायलंय."

काटा निघाला. वाघ मारल्यावानी तिनं तो तळहातावर घेऊन मला दाखवला, मग फेकला. पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं अन् रगत पुसलं. त्याच्यापुढं त्या दिवशी जे झालं ते साधं नव्हतं.

माझी शाळा दोन सालांची, तीही उर्दू. मराठी मागून जमंल तशी शिकलो. शोभेचं लिहिता येत नाही, घडलं तसं लिहितो.

तेव्हा निजामाचं राज होतं. आमचं घर परभणीच्या बाहेर, शेताला लागून. शेत पोरानं हातात घेतलं तसा मी रिकामा झालो, अन् सून आली तशी ती. पन्नाशी दोघांनीही मागं टाकलेली. तिला एक नाद होता, पाण्याचा. पोहायचा नाही. पाणी घोट्याच्या वर आलं की ती माझा दंड धरायची. पण कुठं तळं आहे असं कानावर आलं की ते बघितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. शहराच्या आसपासची सगळी तळी आम्ही पायी बघितली. वालूरला जाऊन बारव बघितली. चारठाण्याला लग्नाला गेलो तर ही अक्षता टाकून जी गायब झाली, ती देवळामागच्या डबक्यापाशी सापडली.

लोक हसायचे. आमचा शेजारी ओट्यावर बसून रोज विचारायचा, "काय, आज कोनतं तळं मोजायचं? निजाम सरकार पगार द्यायलंय का?"

ती थांबायची नाही. चालता चालता म्हणायची, "पगार न्हाई भाऊजी. तुमच्या तोंडाला फासाया चिखल आनाया निघालो."

तळ्याला गेलं की तिची रीत ठरलेली. पाणी उजव्या हाताला ठेवून पुरा फेरा घ्यायचा, देवळाला घेतात तसा. पाऊलवाट असो, काटेरान असो, फेरा पुरा. अर्धा सोडायचा नाही. अर्धा सोडला की तळं माणसाला उरलेला फेरा करायला बोलावून घेतं, असं तिची आई सांगायची. कवा बोलावंल त्याचा नेम नाही, पण बोलावतं. मी याची चेष्टा करायचो, पण फेरा पुरा करायचो.

अन् काठावर शेंदूर लावलेले सात दगड दिसले की थांबायचं. त्या आसरा. सात बहिणी, पाण्यात राहतात, भर दुपारी काठावर येऊन बसतात. एखादी बाई मनात भरली की ठेवून घेतात. त्यांना हळदकुंकू वाहायचं, भाकरीचा तुकडा ठेवायचा अन् मागं न बघता निघायचं.

आमच्यात भांडण एकच होतं, अन् ते लग्नापासूनचं. कोणी आधी जायचं. ती म्हणायची, "मी भरल्या कपाळानं जानार."

"अन् मला भाकर कोन घालंल?"

"सून घालंल की."

"तिच्या भाकरीला चव न्हाई."

"चव नसली तरी पोट भरतंय."

हसून बोलायचो, पण मला खरंच मागं राहायचं नव्हतं. मागं राहिलेले म्हातारे मी बघितले होते. भिंतीला टेकून बसतात अन् लोक त्यांना ओलांडून जातात.

तर तो वैशाख होता. थोरल्या तळ्याला गेलो. ते सरकारी तळं, त्याच्या वाटेवर एक चौकीदार बसायचा, दखनी बोलणारा. तो म्हणला, "चाचा, इत्ती धूप में नक्को जाव." ती म्हणली, "हम आतो बेगीनं." तिचं दखनी तसलंच होतं.

वाटेत धाकट्या तळ्याच्या आसरांपाशी थांबल्यामुळं तिच्या करंड्यातलं कुंकू संपलं होतं. थोरल्या तळ्याच्या दगडांपाशी आलो तर करंडा कोरडा. तिनं बोटानं खरवडून बघितला, काही निघालं नाही. हळद होती, ती वाहिली. भाकरीचा तुकडा ठेवला. तिथंच जांभळीच्या सावलीत बसून तिनं माझा काटा काढला. मग उठायला गेली तर गुडघे धरलेले.

"तुमीच घ्या फेरा. घरातल्या एकानं घेतला तरी दोघांला लागतो."

"ऱ्हाऊ दे मग. घरी चल."

"अर्ध्यातून जायचं न्हाई. दगडापाशी येऊन बसले म्हंजे सुरू झालाय. जावा."

मी गेलो. तळं आटलेलं होतं. पाणी मधात गोळा झालेलं, भोवती चिखल वाळून तडकलेला. दगडांपासून पाण्यापर्यंत चांगलं हाकेचं अंतर. लव्हाळ्यांतून वाट होती, गुरांची. मी पाणी उजवीकडं ठेवून चाललो. कुठं पाखरू नाही, वारा नाही. माझ्या वाहणांचा आवाज तेवढा पुढं जायचा, अन् मी थांबलो की थोडा उशिरानं थांबायचा. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी थांबलोच नाही.

समोरच्या काठाला पोचलो अन् तिच्याकडं बघितलं. ती जांभळीखाली बसलेली दिसली. तिच्याजवळ बाया होत्या. माझ्याकडं पाठ करून, पदर सोडून, तिच्या दोन्ही बाजूंनी बसलेल्या, न्हाऊन आल्यासारख्या. मला वाटलं गवताला आल्या असतील शेजारच्या गावच्या. बरं वाटलं, खरं सांगतो. म्हातारीला सोबत झाली. मी हात वर केला अन् ओरडलो,

"बायांनो, आमच्या म्हातारीकडं ध्यान ठिवा. मी आलोच."

आपण वाटेवर कुणालाही म्हणतो तसं. गाठोडं ठेवतानाही म्हणतो.

त्यांच्यातल्या एकीनं न वळता हात वर केला. बरं, असा. तेवढ्या लांबून ओल्या बांगड्या चमकल्या. अन् तेव्हा ध्यानात आलं की त्या पाण्यातच बसल्या होत्या. पाणी दगडांपर्यंत आलेलं होतं.

मी पुढचा अर्धा फेरा पळतच घेतला म्हणा. टाच ठणकत होती. वाट एका ठिकाणी बाभळींच्या मागं जाते, तिथं तळं दिसत नाही. बाभळीतून बाहेर आलो तर जांभळीखाली ती एकटी. चिखल होता तसा वाळलेला. त्याच्यावर बगळ्याची पावलं होती, दुसरी कुणाची नव्हती.

ती डोळे चोळत होती. "लई गोड झोप लागली बघा."

"बाया कुठं गेल्या?"

"कोनच्या बाया?"

तिच्या कपाळावर कुंकू होतं. आडवं, बोटभर रुंद, ओलं. सकाळी लावलेलं घामानं कवाच गेलं होतं, काटा काढताना मी तिच्या तोंडाकडंच बघत होतो. मी बोट दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला, लाल बोट बघितलं, करंडा उघडून बघितला. तो कोरडाच. मग तिनं माझ्याकडं बघितलं, अन् मी काय बोललो होतो ते मी तिला सांगितलं नाही.

ती म्हणली, "असू द्या. पुसू नका."

परतताना मी चौकीदाराला विचारलं, आज तळ्याकडं बाया गेल्या का. तो म्हणला, "कोई नै गया चाचा. मैं सुबू से इधरीच बैठा हूँ." घरी येऊन तिनं पिठलं केलं, सुनेला मीठ जास्त पडलं म्हणून बोलली, नातवाला थोपटून निजवलं. तिला काही झालेलं नव्हतं. दिवस उगवायला मी हाक मारली तर उठली नाही. डोळे मिटलेले, तोंड झोपेतलंच. कपाळावरचं कुंकू होतं तसं.

बायांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला. शेजारीण आमच्या सुनेला म्हणत होती, "पाय बघ गं. टाचंला मातीचा कन न्हाई. जनू कोनी दगडानं घासून दिलेत." सगळ्या म्हणत होत्या, नशीबवान, अहेव गेली. भांडण ती जिंकली होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो, अन् लोक मला ओलांडून जात होते.

तिला अग्नी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाहणा घातल्या. सून दारात आली.

"मामा, कुठं निघालात? सुतक हाय. लोक काय म्हनतील?"

"येतो," म्हणलं.

"भाकर तरी खाऊन जावा."

ती फडक्यात बांधून घेतली. शेजारी ओट्यावर होता. त्यानं आज काही विचारलं नाही, खाली बघितलं. चौकीदार उठून उभा राहिला अन् त्यानंही अडवलं नाही.

दगडांपाशी थांबलो नाही. पाणी उजव्या हाताला ठेवून निघालो, गुरांच्या वाटेनं, लव्हाळ्यांतून. समोरच्या काठाला, जिथं परवा उभा होतो तिथं उभा राहिलो. तळं आटलेलं, जांभळीखाली कोणी नाही. तरी मी ओरडून सांगितलं की ती पाण्याला भिते, तिला कडंला बसवा, अन् घोट्याच्या वर पाणी आलं तर दंड धरायला कोणीतरी द्या. ऐकायला कोणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मग परवाचेच शब्द म्हणालो. "आमच्या म्हातारीकडं ध्यान ठिवा. मी आलोच."

पुढची वाट बाभळींच्या मागं जात होती. तिथून दगडांपर्यंत अर्धा फेरा राहिला होता. मी तो घेतला नाही. भाकर तिथंच काठावर ठेवली, पाणी डाव्या हाताला घेतलं अन् आलो तसा माघारी फिरलो.