अर्धं दाबलेलं बटण

"हलू नगा. आदी अर्धं दाबतो."

फोटो काढताना मामा हे म्हणायचेच, मग समोर नवरदेव असो नाहीतर पासपोर्ट फोटोसाठी तोंड धुऊन आलेला माणूस. मुठीत मावणारा, चांदीच्या रंगाचा त्यांचा डिजिटल कॅमेरा. बटण अर्धं दाबलं की पडद्यावरची चौकट हिरवी व्हायची, बारीक आवाज यायचा, आणि मामा तिथेच थांबायचे. समोरच्याचं हसू सुकून जाईपर्यंत थांबायचे. तुम्हीही अशा एखाद्या फोटोवाल्यासमोर बसला असाल, तर मानेला आलेली ती कळ आठवत असेल.

नेकनूरच्या बसस्टँडवर त्यांचं फोटोचं दुकान, शेजारी माझं मोबाईल रिचार्जचं. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा.

"मामा, मान्सं काय दगडाची हायेत का? दाबा की पुरं," मी वैतागून म्हणायचो.

"घाई कावून करतो बे? पुरं दाबलं की मानूस उठून जातंय."

कॅमेऱ्याचा मेनू इंग्रजीत. मामांनी चित्रांवरून तो पाठ केला होता. वीज म्हणजे फ्लॅश, फूल म्हणजे जवळचा फोटो, घड्याळ म्हणजे बटण दाबून आपण पळत जाऊन रांगेत उभं राहायचं, कचरापेटी म्हणजे पुसायचं. एकदा चेहरे ओळखायची सोय चालू केली, तर कॅमेऱ्याने मागच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याच्या तोंडाभोवती चौकट आखली. बारशाच्या फोटोत पुढारी लख्ख आणि बाळाची आई पुसट. "ह्येलाबी कळतंय मान कुनाला द्याचा," मामा म्हणाले, आणि ती सोय कायमची बंद केली.

दिवाळी झाली की आमच्याकडून ऊसतोडीच्या गाड्या सुटतात. नवरा-बायको कारखान्याकडे जातात, लहान पोरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. गाडी निघण्याआधी आईबापाचा एक फोटो काढून पोरांजवळ ठेवायचा, ही पद्धत आमच्या गावात मामांनी पाडली. तेव्हा मोबाईलला धड कॅमेरे नव्हते. ट्रकमध्ये भांडी, सरपण, कोंबड्या चढत असायच्या आणि मामा खाली उभे राहून एकेका जोडीला थांबवायचे.

मामांची एकुलती लेकही त्याच गाडीने जायची, लहानगी पोर मामांकडे ठेवून. ती फोटोत कधी हसली नव्हती. लग्नाच्या फोटोतसुद्धा मुंडावळ्यांआड मान खाली. पण एका साली मामांचं बोट अर्ध्यावर अडकलेलं बघून ती म्हणाली, "आबा, दाबा की आता! गाडी कारखान्याला पोचंल!" आणि स्वतःच खळखळून हसली. मामांनी पुरं दाबलं. पडद्यावर तो फोटो मीही पाहिला. पुढचा एक दात तिरका, तोही छान दिसत होता.

मग शेवटची जोडी आली. पोरगं आजीच्या कडेवर देऊन ती बाई रडत होती. मामांनी कॅमेरा धरला तर पडद्यावर अक्षरं आली. मी वाचून सांगितलं, "मामा, कार्ड भरलंय. एखांदा पुसावा लागंल."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आता दुसऱ्या कुणाचा पुसणार कसा? आलेल्यांचं पान आधी वाढायचं, घरच्यांनी मागून बसायचं, हीच आमच्याकडची रीत. मामा लेकीच्या फोटोवर आले आणि त्यांनी कचरापेटी दाबली.

"आपलीच हाय," म्हणाले. "आल्यावर काडू."

ती आली नाही. उसाची ट्रॉली उलटली आणि ती खाली सापडली.

पुढे पोर विचारायला लागली, आई हसायची कशी? मामा दुकानात बसून बाणाचं बटण दाबत राहायचे, एकामागून एक फोटो सरकवायचे. "ह्यातच हाय कुटंतरी. पेटीत टाकलेलं जाईल कुटं? पेटी आतच हाय की." मला त्या कॅमेरा बनवणाऱ्यांचा असा राग आला! कचरापेटीचं चित्र काढायचं आणि आत पेटी ठेवायची नाही, ही कुठली माणुसकी?

मी कार्ड बीडला नेलं. एका जाणत्या पोराने खटपट करून फोटो परत आणला, पण वरचा निम्माच. आभाळ, ट्रकचा कठडा, तिचा भांग, कपाळावरचं कुंकू. भुवयांच्या खाली नुसता राखाडी रंग. उरलेल्या जागेवर शेवटच्या जोडीचा फोटो बसला होता.

त्याची छापलेली प्रत मी मामांच्या हातात दिली. फाडून टाकतील असं वाटलं मला.

"कपाळ तर हाय," ते म्हणाले. त्याची फ्रेम करून त्यांनी घरात भिंतीला लावली. नातीला कडेवर घेऊन राखाडी रंगावर बोट ठेवून सांगायचे, "हितं दात हुता. तिरका. तुज्यावानी."

त्यानंतरही मामा दरसाल गाड्यांपाशी यायचे. कचरापेटीच्या बटणावर चिकटपट्टी डकवलेली, कार्ड भरलं की नवं घालायचे. पुढे हातोहाती मोबाईल आले आणि मामांसमोर कुणी उभं राहीना. तरी ते कॅमेरा धरून कडेला थांबायचे. मला ते बघवायचं नाही, मी दुकानात शिरून शटर अर्धं ओढून घ्यायचो.

यंदाच्या थंडीत मामा गेले. त्याआधी एकदा त्यांना बघायला घरी गेलो होतो. कॅमेरा उशाशी होता, बॅटरी केव्हाच मेलेली. नात पाय चेपत बसली होती. मामांनी हात भिंतीवरच्या फ्रेमकडे उचललेला आणि तर्जनी जराशी वाकवलेली. ते बोट मी ओळखलं. हसवावं म्हणून जुन्याच सुरात म्हणालो, "मामा, लई येळ झाला. दाबा की पुरं."

"न्हाई बे," ते म्हणाले. "पुरं दाबलं की ती गाडीत बसाया जाती."