दोघी एकदम कशा जाणार?

नात चार महिन्यांची झाली आणि लेकीची रजा संपली, तेव्हापासून माझे महिन्यातले पंधरा दिवस मिरजेत जाऊ लागले. लेक तिथं एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, जावई कुपवाडला कारखान्यात सुपरवायझर. पाळणाघराचं नाव काढलं की दोघंही असा चेहरा करायची, की जणू पोरीला रस्त्यावर सोडायचा विषय काढलाय. म्हणून पंधरा दिवस मी, पंधरा दिवस तिच्या सासूबाई. मी कोरेगावहून रेल्वेनं यायची, विहीणबाई जतच्या पलीकडच्या त्यांच्या गावाहून एसटीनं. रविवारी दुपारी एकीनं यायचं आणि दुसरीनं पिशवी उचलायची. फ्रिजवर जावयानं कॅलेंडर लावलं होतं. माझे दिवस हिरवे, त्यांचे पिवळे.

याचा मला राग नव्हता, हे आधीच सांगते. नातीला सांभाळायला कोणाला नको असतं? पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी करून मी निवृत्त झालेली, घरी बसून दुसरं काय करणार होते? राग आला तो म्हैसूरमुळे.

लेकीचं लग्न तिच्या पसंतीचं. आमची बागायती, सोयरीक आजवर सातारा-कराडाबाहेर गेलेली नाही. विहीणबाईंच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं, आता थोडी डाळिंबं. लग्नात आम्ही दोघी मानपानापुरतं बोललो. नातीच्या पाळ्या सुरू झाल्यावरही पहिली दोन वर्षं आमची ओळख म्हणजे रविवारची दहा मिनिटं. तिला खोकला आहे, पिवळ्या बाटलीतलं औषध द्या, दुपारी झोपली नाही तर हट्ट करते, एवढंच. मग एकदा त्यांची एसटी चुकली. दुसरी दीड तासानं होती. नात झोपली होती, लेक घरी होती, म्हणून मी त्यांना सोबत करायला स्टँडवर गेले. चहा घेतला. त्यानंतर त्यांची एसटी दर वेळी चुकायला लागली. माझी जायची पाळी असली की मीही संध्याकाळची गाडी धरायला लागले.

त्या बाकावर मला कळलं, की या बाईंनी जत, अथणी, पंढरपूर आणि मिरज यापलीकडे काही पाहिलेलं नाही. त्यांच्या मावशीचं सासर कर्नाटकातल्या अथणीकडचं. तिच्या घरी भिंतीवर म्हैसूरच्या राजवाड्याचं दिवे लागलेलं चित्र होतं. लहानपणी त्या तिथं गेल्या की त्या चित्राखालीच झोपायच्या.

“ते खरंच असं दिसतं का हो?” त्यांनी मला विचारलं. मी शिकलेली, नोकरी केलेली, म्हणून मला माहीत असेल असं त्यांना वाटलं. मलाही माहीत नव्हतं. आमचे हे फौजेत होते. जम्मूपासून बंगळूरपर्यंत सगळा देश त्यांनी पाहिला आणि मी तो त्यांच्या पत्रांत वाचला.

मी म्हटलं, “बघून येऊ की.”

माझ्या तोंडून ते सहज गेलं. पण पुढच्या पाळीच्या रविवारी त्या विचारून आल्या होत्या, की मिरजेतून म्हैसूरला थेट गाडी आहे. मग मी वही काढली. त्यांना वाचता येतं, लिहायचा कंटाळा, म्हणून त्या सांगायच्या आणि मी लिहायची. राजवाडा. बाजारपेठ, तिथं मोगऱ्याचे गजरे आणि पानं. चामुंडीचा डोंगर सकाळी, ऊन व्हायच्या आत. मग खायचं. आतून लाल चटणी लावलेला मसाला डोसा. बिसी बेळे भात. तुपातला म्हैसूरपाक, तो दुकानात उभं राहून गरम खायचा, खोक्यातून घरी आणायचा नाही, हे त्यांनी मला अधोरेखित करायला लावलं. राजवाड्याचे दिवे रविवारी संध्याकाळी लागतात, असं मी शोधून काढलं. म्हणून शनिवारी निघायचं, रविवार-सोमवार तिथं काढायचे, मंगळवारी परतीची गाडी आणि बुधवारी पहाटे मिरज. पूर्ण आयुष्यात चार दिवस.

तिकिटं मी स्वतः मिरजेच्या खिडकीवर रांगेत उभी राहून काढली. लॉजवर फोन विहीणबाईंनी केला, कारण त्यांना कन्नड येतं. बराच वेळ बोलणं झाल्यावर त्यांनी फोन ठेवला. त्या माणसाला म्हणे एकच काळजी होती, सोबत जेंट्स कोण आहे?

“मग काय सांगितलंत?”

“म्हनलं, जेंट्स पोर सांभाळायला घरी ठेवल्यात.”

आम्ही हसलो खरं. पण तोवर त्या जेंट्सना आम्ही काही सांगितलेलंच नव्हतं. याचं कारण मला आज लिहितानाही लाजवतं. आम्ही भीत होतो. साठीच्या दोन बाया, एकीला पेन्शन, दुसरीच्या नावावर जमीन, आणि आपल्याच पोरांना सांगायला भीत होतो. त्यातून मी मुलीची आई. विहिणीला फूस लावली असा बोल माझ्यावरच येणार हे मला ठाऊक होतं.

निघायला तीन आठवडे उरले तेव्हा रविवारच्या जेवणावर मी विषय काढला. लेक आधी हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. तिकिटं दाखवल्यावर तिचं हसू गेलं.

“दोघी एकदम कशा जाणार? मग हिला कोण बघणार?”

मी म्हटलं, रविवारी तुम्ही दोघं घरीच असता. प्रश्न शनिवार, सोमवार आणि मंगळवारचा. तीन दिवस. आईबापांनी मिळून तीन दिवस रजा काढायची.

जावई चांगला आहे. आवाज चढवत नाही. त्यानं शांतपणे तोड काढली, की मी माझ्या मोकळ्या पंधरवड्यात जावं आणि त्याच्या आईनं तिच्या. मी म्हटलं, म्हणजे एकेकटीनं? तर म्हणाला, एखाद्या चांगल्या यात्रा कंपनीबरोबर जा, मामी, सोबतच सोबत. लेक म्हणाली, डोसा हवा तर इथं मागवूया ना, आता सगळं घरपोच येतं. आणि मग ते बोलली, जे माझ्या मनातून अजून जात नाही.

“आई, देवाचं काही असतं तर गोष्ट वेगळी. नुसतं खायला आणि फिरायलाच जायचंय ना?”

नुसतं. ही पोरगी लग्नानंतर दोनदा गोव्याला आणि एकदा केरळला गेली. कोणत्या देवाला गेली होती? बाईमाणसाला घराबाहेर पाय टाकायला साठीनंतरही देवाची चिठ्ठी लागते, आणि ती मागणारी माझी शिकवलेली लेक. मी तिच्यासाठी वसतिगृहाची फी भरली, तेव्हा नुसतं शिकायलाच जायचंय ना, असं विचारलं नव्हतं.

मी काही बोलणार एवढ्यात जावई उठला आणि कपाटातून नवं कॅलेंडर घेऊन आला. आमचं वेळापत्रक किती घट्ट बसलंय, हे त्याला समजावून द्यायचं होतं. पुढचं आख्खं वर्ष त्यानं रंगवून ठेवलं होतं. हिरवे, पिवळे, हिरवे, पिवळे. दिवाळीसुद्धा.

“हे भरताना आम्हाला विचारलंस?” मी म्हटलं.

“विचारायचं काय त्यात, मामी?”

त्याच्या तोंडावर खरोखर आश्चर्य होतं. तो उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. आणि तेव्हा विहीणबाई, ज्या इतका वेळ ताटाकडे बघत भात कालवत होत्या, हळूच बोलल्या.

“बाळा, मेंढराच्या राखणीला दोन कुत्री असत्यात. येक झोपलं तर दुसरं जागं. पर पाण्यावर दोनी बी जात्यात. तवा मालक सोता बसतो मेंढरापाशी. तुझ्या आज्यानं कुत्र्यांचं बी पानी तोडलं न्हवतं.”

लेक नातीला घेऊन आत गेली.

त्या दिवशी पाळी विहीणबाईंची होती. मी पिशवी उचलून निघाले आणि त्या तिथंच राहिल्या, त्याच घरात, त्याच दोघांबरोबर. गाडीत मला त्याची फार टोचणी लागली. कोरेगावला आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी विचारलं, तिकिटं पक्की हायत न्हवं? मी हो म्हटलं. मग जायाचं, म्हणाले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. माझ्या धाकट्या दिरांनी मात्र फोन करून शहाणपण शिकवलं. विहिणी-विहिणी मिळून गावोगाव खात हिंडणं आपल्यात शोभत नाही, असं त्यांचं मत. हे दीर दरवर्षी मित्रांबरोबर कोकणात मासे खायला जातात. मी तसं म्हटलं तर म्हणाले, वहिनी, तुम्ही कुठलं कुठं नेता.

लेकीनं फोन कमी केले. बोलली तर तुटक. विहीणबाईंचा मुलगा तर त्यांच्याशी चार दिवस कामापुरतंच बोलत होता. पाचव्या दिवशी त्यांनी गॅलरीतून मला फोन केला. मला वाटलं, बाई ढिली पडली.

“तिकीट रद्द करू नगा,” त्या म्हणाल्या. “मी गप हाय म्हनून मागं सरली असं समजू नगा.” आणि ठेवला फोन.

शेवटी जावयानं दोन दिवस रजा काढली, लेकीनं एक. एवढंच लागत होतं. एवढ्यासाठी तीन आठवडे घरात सुतक असल्यासारखं वातावरण.

आम्ही गेलो. लेकीचे पहिल्या दिवशी अकरा फोन आले. नेलकटर कुठं आहे, ती वरण खात नाही, कुठलं गाणं लावता. दुसऱ्या दिवशी मी फोन पिशवीच्या तळाशी टाकला. राजवाड्यासमोर दिवे लागले तेव्हा विहीणबाईंनी माझा हात धरला आणि पंधरा मिनिटं सोडला नाही. म्हैसूरपाक गरम खाल्ला. मी एष्टु, म्हणजे केवढ्याला, असं विचारायला शिकले, पण दुकानदार कन्नडमध्ये किंमत सांगायचा आणि मी विहीणबाईंकडे बघायची. सोमवारी दुपारी आम्ही दोघी लॉजवर चार तास झोपलो. भरदुपारी, कुणाचं रडणं ऐकायला कान न लावता. त्या झोपेचं मला वहीत काही लिहावंसं वाटलं नव्हतं, पण खरं म्हणजे त्यासाठीसुद्धा गेलो होतो.

परत आलो तर पोर आनंदात. बापाकडून स्वतःचे बूट घालायला शिकली होती. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला एक आठवडा ती पाळणाघरात जायला लागली. तिला तिथं मैत्रीण मिळाली. ज्याचा चेहरा वाकडा व्हायचा, तोच जावई आता तिथल्या बाईंचं कौतुक करतो.

म्हणजे सगळं नीट झालं, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण परवा इस्लामपूरला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो. जेवणाच्या पंगतीत लेकीची मावससासू म्हणाली, दोघी विहिणी म्हैसूरला जाऊन आल्या म्हणे. त्यावर माझी लेक मोठ्या अभिमानानं म्हणाली, “हो, आम्हीच पाठवलं दोघींना. आता नाही तर कधी फिरणार?” आजूबाजूच्या बाया माझ्याकडे बघून म्हणाल्या, नशीब काढलंत. अशी लेक-जावई कुणाला मिळतात?

माझ्या हातातला घास हातातच राहिला. विहीणबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि माझ्या ताटात ठेवला. लग्नघरात मी शब्द काढला नाही. गाडीत बसल्यावर मात्र लेकीला म्हटलं, पाठवलं म्हणू नकोस. आम्ही गेलो.

ती म्हणाली, “आई, तेच ते ना.”