बांधीत चालते का?

आमच्या आत्याबाईला जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल एकच प्रश्न पडायचा, "बांधीत चालते का?" मग ती वस्तू चप्पल असो, घड्याळ असो, प्लास्टिकची बादली असो की मुलीसाठी सांगून आलेलं स्थळ असो. बांधी म्हणजे धानाचं, चारी बाजूंनी धुरा म्हणजे मातीचा बांध घातलेलं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल होणारं वावर. त्या चिखलात जे टिकेल ते कामाचं, बाकीचं पाहुण्यांना दाखवायचं, असा तिचा हिशेब होता. होणाऱ्या जावयाला तर तिने खरोखरच बांधीत उतरवलं होतं. तो बिचारा पांढरी पँट घालून आला होता. लग्न झालं, संसारही चांगला झाला, पण सासरी येताना त्याने पुन्हा पांढरी पँट घातली नाही.

आत्याबाई माझ्या बाबांची थोरली बहीण. चोरखमारा तलावाच्या कालव्यावर तिचं गाव, आणि त्या भागात रोवणा करणाऱ्या बायांची एक टोळी ती चालवायची. बारा बाया आणि तेरावी ती. रोवणा म्हणजे धानाची लावणी. आषाढ-श्रावणातले ते चाळीसेक दिवस टोळीला पाठ सरळ करायला सवड नसते, आणि ती नसलेलीच बरी, कारण त्या दिवसांतली मजुरी पुढे बरेच महिने पुरवायची असते. पूर्वी शेतकरी सायकलवर येऊन सांगून जायचे. आता ते फोन करतात, आणि फोन उचलला नाही तर सरळ दुसऱ्या टोळीला करतात. त्यामुळे आत्याबाईचा फोन बंद म्हणजे बारा घरांचं काम बंद.

आणि मी, तिचा सख्खा भाचा, गोंदियाच्या बाजारात मोबाईलचं दुकान चालवतो. आमचं जमणार कसं? माझं म्हणणं, हल्लीचे फोन मजबूत झालेत. तिचं म्हणणं, "तुझ्या दुकानात मजबूत आहेत गा. थंड्या हवेत, काचेच्या कपाटात कोनीबी मजबूत राहते." हा वाद आमच्यात पाच-सहा वर्षं चालला. लग्नात, बारशात, दवाखान्यात, जिथे भेटू तिथे आम्ही तो मागच्या पानावरून पुढे सुरू करायचो.

पुरावे मात्र सगळे तिच्या बाजूने होते. पहिला फोन तिने कमरेला खोचला होता. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी उचलायला ती वाकली आणि फोन रोवला गेला. ते कळलं तोवर टोळी तीन बांध्या पुढे गेली होती. दुसरा बैलाच्या खुराखाली गेला. तिसरा पाण्यात पडला, तेव्हा मी तिच्या शेजारच्या, टोळीतल्याच कौतिकाच्या फोनवरून निरोप दिला, "तांदळात ठेव म्हणावं." घरातले तांदूळ नेमके संपले होते, म्हणून आत्याबाईने फोन धानात ठेवला. धान होतं बांबूच्या ढोलीत, आणि ती ढोली एवढी मोठी की आत माणूस उभा मावेल. फोन हळूहळू खाली सरकला. आठ दिवसांनी सापडला तेव्हा त्याच्या प्रत्येक भोकात कोंडा भरला होता. मी कपाळावर हात मारला, तर ती म्हणाली, "कोरडा तं झाला ना."

चौथ्या फोनपासून डबा आला. कडीचा, स्टीलचा, नेहमी भातभाजीचा असतो तसला डबा. त्यात जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला फोन, आणि तो डबा धुऱ्यावर. फोन वाजला की झाकण उघडायचं, स्पीकर लावायचा आणि डब्यात तोंड घालून ओरडायचं, "जय भीम, बोला." स्टीलमध्ये आवाज असा घुमायचा की अर्धी बांधी ऐकायची. आत्याबाईशी खासगी बोलणं म्हणजे ग्रामसभेत बोलणं होतं. एकदा बायकोशी माझं भांडण झालं आणि मी दबक्या आवाजात आत्याबाईला सगळी हकिकत सांगितली. उत्तर कौतिकाकडून आलं, "चूक तुमचीच आहे जी." मागून चार-पाच जणी "हो, हो" म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि घरी जाऊन माफी मागितली.

एकदा ती बाजाराच्या दिवशी दुकानात चहा पीत बसली असताना एका कंपनीचा माणूस काचेवर बोट सरकवायचा नवा फोन घेऊन आला. आत्याबाईचे तोवरचे सगळे फोन बटणांचे होते. टाय वगैरे लावलेला. त्याने तो फोन काउंटरवरून तीनदा फरशीवर पाडला, उचलला, चालू करून दाखवला. मग त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. आत्याबाईने बशी खाली ठेवली.

"माताजी, ये मिलिटरी ग्रेड है," तो म्हणाला.

"मिलिटरीवाले रोवना लगाते क्या?" आत्याबाईने विचारलं.

"पानी में आधा घंटा रह सकता है."

"साफ पानी में तो मैं बी रहती दिनभर. चिखल डालो."

तो हसला. मग तिने खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला, "वाच." मी वाचला. पाणी गेल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आत्याबाईने त्या माणसाकडे न पाहता मला सांगितलं, "एका तोंडानं म्हणते पान्यात टाका, दुसऱ्या तोंडानं म्हणते पानी गेलं तं आमाले नका सांगू. अशा घरी मी पोरगी नाई देत गा." त्या माणसाने बाटलीत उरलेलं पाणी गुपचूप पिऊन टाकलं.

मला राग आला. दुकान माझं, गिऱ्हाइकं माझी, आणि हसं कुणाचं होऊन राहिलं होतं? मी तोच फोन उचलून तिच्या हातात दिला आणि पैज लावली. या फोनने एक रोवणा काढला, तर तिने दुकानात गिऱ्हाइकांसमोर कबूल करायचं की राजूचा, म्हणजे माझा, फोन मजबूत आहे. नाही काढला, तर मी एक दिवस तिच्या टोळीत रोवायला येईन.

"तू रोवशील तं आमाले ते दुसऱ्यांदा रोवा लागंल," ती म्हणाली. पण फोन घेऊन गेली.

त्या आषाढात मी रोज संध्याकाळी तिच्या तब्येतीची चौकशी करायचो, खरं तर फोनच्या तब्येतीची. फोन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला, काही झालं नाही. नाल्यात गेला, निघाला. झाकण उघडं राहिलं आणि बकरीने चाटला, तरी चालू. मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला हे ऐकवत होतो. बकरीची गोष्ट तर मी जरा वाढवूनच सांगायचो.

श्रावण अर्धा सरला असेल, तेव्हा भर रोवण्यात आत्याबाई दुकानात आली. रोवणा सुरू असताना ती बांधी सोडून कुठे जात नसे. तिने डबा काउंटरवर ठेवला.

"फुटला?" मी विचारलं.

"नाई. फुटला नाई, भिजला नाई. पैज तू जिंकला." आणि ती खरोखरच वळून दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना म्हणाली, "माझ्या भाच्याचा फोन मजबूत आहे."

मग तिने काय झालं ते सांगितलं. पटलेजी म्हणून निवृत्त हेडमास्तर, शेती मोठी. त्यांच्याकडे दरवर्षी टोळीला आठ दिवसांचं काम असायचं. त्यांचा फोन आला. डबा घुमू लागला. आत्याबाई धावली आणि काचेवरचं हिरवं बटण वर सरकवू लागली. इतके दिवस पुसलेल्या बोटाला ते सरकायचं, त्या दिवशी सरकेना. बोटं ओली, चिखलाची, सुरकुतलेली. पदराला पुसावीत तर पदरही ओला. कौतिकाने बोट लावून पाहिलं, मग तिसरीने, मग चौथीने. बाराही बायांनी पाहिलं. फोन उत्तम वाजत होता, उत्तम थरथरत होता, उजेडही लख्ख पडला होता. फक्त त्यांच्यापैकी एकीचंही बोट त्याला कळत नव्हतं. पटलेजींनी दोनदा फोन केला. हात धुऊन, वाळवून यांनी उलट फोन केला तोवर त्यांनी रोवणीचं यंत्र सांगून टाकलं होतं. बारा बायांचे आठ दिवस गेले, तेही ऐन हंगामात.

आत्याबाईने दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले. महिनाभर चिखलात राहून बोटांची टोकं पांढरी पडली होती, कातडी खाल्ली गेली होती. अंगठ्यावर एक रेघ शिल्लक नव्हती.

"फोन मजबूत आहे गा," ती म्हणाली. "आमचेच हात कच्चे निघाले."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे सगळ्यात वाईट. तिला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं मी फोन पाडून दाखवत होतो, पाण्यात बुडवून दाखवत होतो, आणि तो उचलणारी बोटं कशी असतात हे एकदाही पाहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. पैज जिंकलेली असूनही दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी तिच्या टोळीत रोवायला गेलो.

माझ्या रोवणीबद्दल फार न बोललेलं बरं. माझी ओळ पाहून कौतिकाने विचारलं, "जी, तुमी रोवून राहिले का नाला काढून राहिले?" दहा वाजेपर्यंत पाठ गेली, अकरापर्यंत अब्रूही गेली. बाया पुढे निघून गेल्या आणि मी धुऱ्याजवळ मागे राहिलो. तेवढ्यात डबा घुमला.

मी सगळ्यात जवळ. दिवसाला पन्नास फोन उघडणारा माणूस. ऐटीत गेलो, झाकण काढलं, बोट सरकवलं. काही नाही. अंगठा लावला. काही नाही. सदऱ्याला पुसला, सदरा ओला. केसांत पुसला, तर केसांत चिखल झाला. शेवटी बोट काखेत धरून वाळवू लागलो. बांधीतून बारा बाया माझ्याकडे पाहत होत्या आणि एकीलाही हसू आवरत नव्हतं.

आत्याबाई चिखल तुडवत आली. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते. तशीच वाकली, डब्यात तोंड घातलं आणि नाकाच्या शेंड्याने ते हिरवं बटण वर सरकवलं.

"जय भीम, बोला."

"राम राम बाई," डब्यातून पटलेजींचा आवाज आला. "टोळी मोकळी आहे का? ते यंत्र फसलं जी चिखलात. काल सकाळपासून निघून नाही राहिलं."

आत्याबाई डब्यात आणखी वाकली. मग अगदी निरागसपणे तिने विचारलं, "काऊन जी, बांधीत नाई चालत का ते?"

बाया हसता हसता चिखलात बसल्या. ते हसू पटलेजींना ऐकू गेलंच असणार, कारण तेही हसले आणि म्हणाले, "उद्यापासून या बाई." आठांतले सहा दिवस परत मिळाले.

"हे कधी शिकलीस?" मी विचारलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "चिखल न लागलेली तेवढीच जागा उरली होती."

त्यानंतर टोळीतल्या बाराही जणी नाकाने फोन उचलायला शिकल्या. आत्याबाईच्या नाकात पांढऱ्या खड्याची फुली होती. ट्रॉली, नाला, बकरी यांतून सहीसलामत सुटलेल्या त्या मिलिटरी काचेवर शेवटी ओरखडा पडला तो त्या फुलीचा, नेमका हिरव्या बटणाच्या वाटेवर. दिवाळीत तो टायवाला पुन्हा आला. मी त्याला ही हकिकत सांगितली, तर तो आत्याबाईचा व्हिडिओ काढू का म्हणून विचारू लागला. ती दुकानातच होती.

"व्हिडिओ नको," ती म्हणाली. "तुमच्या साहेबाले सांगा, फोन पाडून कायले पाहता? एक दिवस रोवना करा आनि मंग उचलून पाहा."

त्याने मान डोलावली. साहेबाला सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

गेल्या पौषात आत्याबाई गेली. ताप आला, चार दिवस अंथरुणावर होती, आणि गेली. तिला इतकं लवकर जाता येतं हे मला अजून पटलेलं नाही. पुण्यानुमोदनाला विहारात बाराही बाया आल्या होत्या. परत निघताना कौतिकाने माझ्या हातात तो डबा ठेवला.

"आत्याबाईनं तुमालेच द्यायले सांगितला जी. म्हने, वापस घे म्हनाव, माल चांगला आहे."

मी विहाराच्या पायरीवर बसून हसलो आणि तिथेच रडलो.

फोन मी बंद केलेला नाही. डबा दुकानात काउंटरवर असतो. नवा फोन घ्यायला कुणी आलं आणि "टिकेल ना?" म्हणालं, तर मी आधी त्यांचे हात पाहतो. नवेगाव बांधकडची एक मासे धरणारी बाई आली होती, तिला मी बटणाचा फोन दिला आणि महागाचा कपाटात परत ठेवला. बायकोला हे पटत नाही. पण ते भांडण सांगून चूक कुणाची हे विचारायला आता डब्याच्या पलीकडे कुणी नाही.

या आषाढात डबा पुन्हा घुमू लागला. आत्याबाई गेल्याचं लांबच्या शेतकऱ्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना कौतिकाचा नंबर देतो, टोळी आता ती चालवते. काउंटरमागे बसून माझी बोटं मऊच राहिली आहेत. एकदाच सरकवलं की फोन उचलला जातो. ते मला बरं वाटत नाही. म्हणून दुकानात कुणी नसलं की मी दोन्ही हात पाठीमागे धरतो, डब्यात वाकतो आणि फुलीच्या ओरखड्यावरून नाक वर सरकवतो.

"जय भीम, बोला," म्हणतो.

पलीकडचा शेतकरी विचारतो, "बाई नाही का जी?"